क्ष-किरणांची साक्ष

रोग ओळखणे ही रोगावरील उपचाराची पहिली पायरी होय. शतकानुशतके वैद्याला या पायरीवर बाह्य लक्षणांच्या आधारानेच उभे राहावे लागत असे. नाडी, जीभ, डोळे, त्वचेचा वर्ण, ताप आणि रोग्याने सांगितलेली हकीकत हीच त्याची साधने. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी छातीतील आवाज ऐकण्याची नळी त्याच्या हाती आली. परंतु जिवंत माणसाच्या शरीराचा अंतर्भाग शस्त्र न लावता डोळ्यांनी पाहता येईल, ही गोष्ट कल्पनेच्या प्रांतातच राहिली होती. १८९५ साली ती प्रत्यक्षात उतरली आणि वैद्यकाच्या इतिहासाला नवे वळण मिळाले.

क्ष-किरणांचा हा शोध आता शहरातील मोठ्या रुग्णालयापुरता मर्यादित राहिलेला नाही. ७ डिसेंबर २०२४ रोजी देशातील ३४७ जिल्ह्यांत क्षयरोग शोधण्याची शंभर दिवसांची मोहीम सुरू झाली. हातात धरून वापरता येणारी, बॅटरीवर चालणारी क्ष-किरण यंत्रे या मोहिमेत गावोगावी नेण्यात आली. शाळेच्या व्हरांड्यात अथवा समाजमंदिरात छातीचा ‘फोटो’ काढला जाऊ लागला. यंत्र गावात आले की त्याच्याबरोबर प्रश्नही येतात. या फोटोने अपाय तर होणार नाही ना? डाग दिसला म्हणजे क्षय झाला का? फोटो स्वच्छ आला, मग बेडका तपासायचा कशाला? हे प्रश्न गावकरी डॉक्टरांना विचारतातच असे नाही. ते शिक्षकांना, ग्रामसेवकांना आणि पंचायत सदस्यांना विचारतात. म्हणून या साधनाचे स्वरूप, सामर्थ्य आणि मर्यादा यांची यथार्थ माहिती या मंडळींना असणे अगत्याचे आहे.

नावाची कथा

जर्मनीतील वुर्ट्‌सबुर्ग विद्यापीठात विल्हेल्म कोनराड राँटगेन हे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक होते. ८ नोव्हेंबर १८९५ रोजी ते निर्वात नलिकेतून विद्युत्‌प्रवाह सोडण्याचा प्रयोग करीत होते. नलिका काळ्या पुठ्ठ्याने पूर्णपणे झाकलेली होती. तरीही काही अंतरावर असलेला, बेरियम प्लॅटिनोसायनाइड या रसायनाचा लेप दिलेला पडदा अंधारात चमकू लागल्याचे त्यांना दिसले. पुठ्ठ्यातून प्रकाश बाहेर येणे शक्य नव्हते. अर्थात नलिकेतून दुसरे काहीतरी बाहेर पडत होते आणि ते पुठ्ठा भेदून पडद्यापर्यंत पोहोचत होते.

राँटगेन यांनी हा शोध लगोलग जाहीर केला नाही. पुढील सात आठवडे त्यांनी प्रयोगशाळेत जवळजवळ कोंडून घेतले. कागद, लाकूड, रबर, निरनिराळे धातू अशा नाना वस्तू किरणांच्या मार्गात धरून कोणती वस्तू त्यांना किती अडविते हे त्यांनी तपासले. २२ डिसेंबर रोजी त्यांनी आपल्या पत्नीच्या हाताचे चित्र घेतले. त्यात बोटांची हाडे आणि बोटातील अंगठी स्पष्ट दिसत होती. मांस मात्र फिकट छायेसारखे उमटले होते. त्यानंतर २८ डिसेंबर रोजी त्यांनी आपला निबंध सादर केला. किरणांचे स्वरूप ठाऊक नसल्यामुळे, गणितात अज्ञात राशीला जे अक्षर देतात तेच त्यांनी या किरणांना दिले. आपल्याकडे बीजगणिताच्या पुस्तकात अज्ञात राशीला ‘क्ष’ म्हणण्याची प्रथा आहे. म्हणून मराठीत ते क्ष-किरण झाले. स्वरूप पुढे उलगडले, नाव मात्र अज्ञाताचेच राहिले.

पदार्थविज्ञानाचे पहिले नोबेल पारितोषिक १९०१ साली राँटगेन यांना देण्यात आले. त्यांनी या शोधाचे एकस्व घेतले नाही. त्याचा लाभ सर्व मानवजातीला मोकळेपणाने मिळावा अशी त्यांची धारणा होती. परिणामी काही आठवड्यांतच अनेक देशांतील डॉक्टर क्ष-किरणांचा उपयोग करू लागले. भारताच्या तत्कालीन वायव्य सरहद्दीवरील तिराहच्या मोहिमेत, १८९७-९८ साली, जखमी सैनिकांच्या शरीरातील गोळ्या शोधण्यासाठी हे यंत्र डोंगराळ प्रदेशात नेण्यात आले होते. १९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर मेरी क्यूरी यांनी मोटारगाड्यांत क्ष-किरण यंत्रे बसवून ती रणभूमीजवळच्या रुग्णालयांपर्यंत पोहोचविली. रोग्याला यंत्राकडे नेण्याऐवजी यंत्रच रोग्याकडे नेण्याची कल्पना अशी शंभर वर्षांहून अधिक जुनी आहे.

चित्र कसे उमटते?

क्ष-किरण हे प्रकाशासारखेच विद्युत्-चुंबकीय तरंग होत. त्यांची तरंगलांबी प्रकाशाच्या तुलनेने फार कमी आणि ऊर्जा फार अधिक असते. ते निर्माण करणाऱ्या नलिकेत एका टोकाला टंगस्टनची तार तापविली जाते. तिच्यातून बाहेर पडणारे इलेक्ट्रॉन, सर्वसाधारण तपासणीत पन्नास हजारांपासून सव्वा लाख व्होल्टपर्यंतच्या दाबाने, दुसऱ्या टोकाच्या धातूवर वेगाने आदळतात. या आघाताच्या ऊर्जेपैकी अवघा एक टक्क्याच्या आसपास भाग क्ष-किरणांत रूपांतरित होतो. बाकीची सारी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. तापलेल्या तारेची ही नलिका अमेरिकेतील विल्यम कूलिज यांनी १९१३ साली तयार केली आणि आजची यंत्रेही त्याच तत्त्वावर चालतात.

शरीरातून जाताना हे किरण सर्वत्र सारखे अडविले जात नाहीत. फुप्फुसातील हवेतून ते जवळजवळ बिनअडथळा पार होतात. म्हणून तो भाग चित्रात काळा दिसतो. चरबी गडद करडी, स्नायू, रक्त व पाणी फिकट करडे, चुनखडीचा अंश असलेले हाड पांढरे आणि धातू सर्वांत शुभ्र दिसतो. हवा, चरबी, पाणी, हाड आणि धातू अशी ही पाच पायऱ्यांची उतरंड होय. क्ष-किरण चित्र वाचणे म्हणजे या पाच छटांपैकी कोणती छटा जेथे असू नये तेथे आली आहे, हे ओळखणे. फुप्फुसाच्या काळ्या क्षेत्रात करडा ठिपका दिसला, तर तेथे हवेची जागा दुसऱ्या कशाने तरी घेतली आहे एवढे निश्चित होते. ते दुसरे म्हणजे पू आहे, पाणी आहे, रक्त आहे की गाठ, हे केवळ छटेवरून नेहमी सांगता येत नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवली तर पुढील बरेचसे गैरसमज टळतील.

जठर व आतडी यांची छटा आजूबाजूच्या अवयवांसारखीच असल्यामुळे ती साध्या चित्रात वेगळी उठून दिसत नाहीत. यासाठी रोग्याला बेरियम सल्फेटचे पांढरे द्रावण पाजून मग चित्र घेतात. रक्तवाहिन्या व मूत्रमार्ग पाहण्यासाठी आयोडिनयुक्त औषध टोचले जाते. पूर्वी चित्र चांदीच्या क्षारांचा लेप असलेल्या फिल्मवर उमटत असे आणि अंधाऱ्या खोलीत ती धुवून वाळवावी लागे. आता बहुतेक ठिकाणी ते संगणकाच्या पडद्यावर काही क्षणांत दिसते आणि दूरच्या तज्ज्ञाकडे तत्काळ पाठविता येते.

वर्गात करता येण्याजोगा पाठ

क्ष-किरण चित्र ही मूलतः सावली आहे. शिक्षकांना हे तत्त्व विजेरी आणि एक नाणे एवढ्या सामग्रीवर विद्यार्थ्यांना समजावून देता येईल. अंधाऱ्या वर्गात विजेरीच्या उजेडात नाणे भिंतीजवळ धरावे. सावली लहान आणि रेखीव पडते. नाणे विजेरीकडे सरकवीत न्यावे, तशी सावली मोठी आणि पुसट होत जाते. छातीचे चित्र घेताना रोग्याला छाती यंत्राच्या फलकाला टेकवून उभे का करतात, हे यावरून कळते. हृदय छातीच्या पुढच्या बाजूस असते. फलक पुढे आणि किरण पाठीकडून, सुमारे सहा फुटांवरून आले, तर हृदयाची सावली खऱ्या आकाराच्या जवळपास पडते. अंथरुणाला खिळलेल्या रोग्याचे चित्र पाठीखाली फलक ठेवून समोरून घ्यावे लागते. तेव्हा तेच हृदय वाढल्यासारखे भासते. चित्र कशा रीतीने घेतले हे ठाऊक नसेल, तर वाचणारा फसू शकतो तो असा.

आता नाणे आडवे फिरवावे. समोरून गोल दिसणाऱ्या नाण्याची सावली बाजूने केवळ एक रेघ होते. हाड मोडल्याचा संशय असताना डॉक्टर समोरून आणि बाजूने अशी दोन चित्रे काढावयास सांगतात, ती पैसे वाढविण्यासाठी नव्हे. एका दिशेने सरळ दिसणारे हाड दुसऱ्या दिशेने पाहता सरकलेले आढळते. लहान मुलाने नाणे गिळले असता ते अन्ननलिकेत अडकले आहे की श्वासनलिकेत, हेदेखील दोन चित्रांवरून अधिक नेमके समजते. तिसरी गोष्ट श्वासाची. ‘खोल श्वास घ्या, रोखून धरा’ या सूचनेमागे दोन हेतू असतात: फुप्फुसे हवेने पूर्ण भरावीत आणि छाती हलून सावली पुसट होऊ नये. सूचना नीट न पाळल्यास चित्र बिघडते व पुन्हा काढावे लागते.

उपयोगाचे क्षेत्र

मोडलेली हाडे, निखळलेले सांधे, शरीरात घुसलेल्या धातूच्या वस्तू, मुतखड्यांचे बरेच प्रकार, दातांच्या मुळांचे विकार, मुलांचा मुडदूस, न्यूमोनिया, छातीत साठलेले पाणी अशा अनेक अवस्थांत क्ष-किरणांची मदत होते. स्त्रियांच्या स्तनातील कर्करोग हाताला लागण्यापूर्वी ओळखण्यासाठी कमी दाबाच्या क्ष-किरणांनी घेतलेले चित्र उपयोगी पडते. गॉडफ्रे हौन्सफील्ड यांनी विकसित केलेल्या सीटी स्कॅन यंत्रावर १९७१ साली लंडन येथे पहिल्या रोग्याच्या मेंदूची तपासणी झाली. अनेक दिशांनी घेतलेल्या सावल्या संगणकाने एकत्र करून शरीराचा जणू आडवा छेद दाखविणाऱ्या या पद्धतीबद्दल हौन्सफील्ड आणि अ‍ॅलन कॉर्मॅक यांना १९७९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. सोनोग्राफी आणि एमआरआय या तपासण्यांत मात्र क्ष-किरणांचा वापर नसतो. पहिलीत ध्वनितरंग, तर दुसरीत चुंबकीय क्षेत्र वापरले जाते.

ग्रामीण भागाच्या दृष्टीने आणखी एका उपयोगाचा उल्लेख अवश्य केला पाहिजे. दगडखाणी आणि खडी केंद्रे येथील बारीक धूळ वर्षानुवर्षे श्वासावाटे गेल्यास सिलिकोसिस हा फुप्फुसाचा असाध्य विकार जडतो. त्याच्या निदानासाठी कामाचा पूर्वेतिहास आणि छातीचे क्ष-किरण चित्र हेच दोन मुख्य आधार आहेत. अशा मजुराचा खोकला क्षयाचा समजून त्याला वारंवार क्षयाची औषधे दिली जाण्याचा धोका असतो. उलटपक्षी सिलिकोसिस झालेल्यास क्षय होण्याची शक्यताही अधिक असते. म्हणून आपल्या हद्दीतील खाणमजूर तपासणीस आल्यास, तो काय काम करतो आणि किती वर्षे करतो, ही माहिती चित्राबरोबर डॉक्टरांपर्यंत पोहोचली पाहिजे.

क्षयरोग आणि क्ष-किरण : एका साधनाचा प्रवास

क्ष-किरणांची थोरवी आणि त्यांची मर्यादा या दोहोंचा सर्वांत बोलका दाखला क्षयरोगाच्या इतिहासात सापडतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या रोगावर खात्रीचे औषध नव्हते. स्वच्छ हवा, विश्रांती आणि सकस अन्न हाच उपचार. आपल्याकडे पाचगणी आणि मिरजेजवळील वानलेसवाडी येथील आरोग्यधामे त्याच काळातील. १९३६ च्या सुमारास ब्राझीलमधील डॉक्टर मानुएल द आब्रेऊ यांनी छातीची छोट्या आकाराची, स्वस्त चित्रे थोड्या वेळात मोठ्या संख्येने घेण्याची पद्धत शोधली आणि अनेक देशांत लोकांच्या सामूहिक तपासणीस प्रारंभ झाला.

भारतात १९५५ ते १९५८ या काळात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने अशाच यंत्रांच्या साहाय्याने देशव्यापी नमुना पाहणी केली. क्षय हा दाट वस्तीच्या शहरांचा रोग आहे, हा तोपर्यंतचा समज या पाहणीने खोटा ठरविला. खेड्यांतही त्याचे प्रमाण शहरांइतकेच आढळले. त्याच सुमारास मद्रास येथील संशोधनातून असे सिद्ध झाले की, रोग्याने घरी राहून नियमित औषधे घेतली तर आरोग्यधामात राहिल्याइतकाच गुण येतो. १९५९ साली बंगळूर येथे राष्ट्रीय क्षयरोग संस्था स्थापन झाली आणि १९६२ साली राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम सुरू झाला.

या संस्थेच्या १९६३ सालच्या एका अभ्यासाने कार्यक्रमाची दिशा निश्चित करण्यास मोठी मदत केली. क्षयाची लक्षणे असलेल्या ग्रामीण रोग्यांपैकी सुमारे निम्मे लोक आपण होऊन दवाखान्यात गेले होते. तेथून त्यांना खोकल्याची बाटली देऊन परत पाठविण्यात आले होते. तात्पर्य, रोगी दारात येत होता, परंतु ओळखला जात नव्हता. मग महागडी यंत्रे घेऊन साऱ्या देशाची छाती तपासण्याऐवजी, दवाखान्यात येणाऱ्या खोकलेकऱ्याचा बेडका सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे अधिक शहाणपणाचे ठरले. बेडक्यात जंतू दिसले तर निदान निर्विवाद असते. शिवाय दुसऱ्यांना रोग देणारा रोगी नेमका सापडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीनेही १९७४ साली सरसकट सामूहिक क्ष-किरण तपासणी बंद करण्याची शिफारस केली. क्ष-किरण यंत्र मागच्या रांगेत गेले.

त्यानंतर सुमारे अर्धशतकाने चित्र पुन्हा पालटले. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय क्षयरोग प्रादुर्भाव सर्वेक्षणात १५ वर्षांवरील दर लाख लोकांमागे ३१६ जणांना फुप्फुसाचा जंतुसिद्ध क्षय असल्याचे आढळले. त्यांतील ४२.६ टक्के रोगी केवळ लक्षणे विचारली असती तर सुटले असते. त्यांचा माग क्ष-किरण चित्रामुळे लागला. म्हणजे रोग शरीरात आहे, परंतु खोकला, ताप अथवा वजन घटणे यांपैकी काहीही ठळकपणे जाणवत नाही, अशी माणसे मोठ्या संख्येने समाजात वावरत असतात. दुसरा निष्कर्षही तितकाच विचार करावयास लावणारा होता. लक्षणे असलेल्यांपैकी ६४ टक्के लोक उपचारासाठी कोठेही गेलेले नव्हते. दारात येणाऱ्या रोग्यावर भिस्त ठेवणे आता पुरेसे नाही, हे यावरून स्पष्ट झाले.

दरम्यान यंत्रही बदलले होते. गाडीत मावणाऱ्या यंत्राची जागा काही किलो वजनाच्या, हातात धरण्याच्या यंत्राने घेतली. चित्र वाचणारा तज्ज्ञ खेड्यात उपलब्ध नसतो, ही उणीव काही अंशी संगणकाने भरून काढली. संशयास्पद छाया दाखवून देणाऱ्या संगणकप्रणालींचा वापर १५ वर्षांवरील व्यक्तींच्या प्राथमिक चाळणीसाठी करण्यास जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली अनुमती दिली. अशा प्रणालींपैकी एक मुंबईतच विकसित झालेली असून ती परदेशांतही वापरली जाते. बेडक्याच्या तपासणीतही प्रगती झाली. जंतूंचा आनुवंशिक अंश ओळखणारे, बॅटरीवर चालणारे ट्रूनॅट हे यंत्र गोव्यातील कंपनीचे असून जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली त्यास मान्यता दिली. क्षयाचे जंतू आहेत किंवा नाहीत, तसेच रिफाम्पिसिन या प्रमुख औषधाला ते दाद देतील किंवा नाही, हे त्यावर काही तासांत समजते.

साक्षीदार, न्यायाधीश नव्हे

या प्रवासातून मिळणारा बोध असा की, क्ष-किरण चित्र हा साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. त्याची साक्ष मोलाची खरी. परंतु तिला दुजोरा लागतो. हे दोन उदाहरणांवरून स्पष्ट होईल.

समजा, गावातील शिबिरात एका साठीच्या गृहस्थाच्या चित्रात उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात डाग दिसला. वीस वर्षांपूर्वी त्यांना क्षय झाला होता व पूर्ण उपचारांनी तो बरा झाला होता. जखम भरून आली तरी त्वचेवर व्रण राहतो, तसा फुप्फुसातही राहतो. चित्र त्या व्रणाची छाया दाखविते. तो जुना आहे की नवा, हे एका चित्रावरून ठरविणे कठीण असते. जुने चित्र जपून ठेवलेले असेल, तर दोहोंची तुलना करून डॉक्टरांना बराचसा उलगडा होतो. बेडका तपासल्यास संशयाचे बहुतांशी निरसन होते. याउलट, चित्रावरच विसंबून औषधे सुरू केली तर निरोगी माणसाला महिनोन्‌महिने विनाकारण औषधे घ्यावी लागतील आणि ‘पुन्हा क्षय झाला’ हा शिक्का बसेल तो निराळाच.

आता दुसरे उदाहरण. ऊसतोडणीहून परतलेल्या एका स्त्रीला तीन आठवड्यांपासून खोकला आहे, वजन उतरले आहे. परंतु छातीचे चित्र स्वच्छ आले. ‘फोटोत काही नाही’ म्हणून ती निर्धास्तपणे घरी गेली, तर मोठी चूक होईल. रोग अगदी प्रारंभिक अवस्थेत असताना, अथवा एचआयव्हीसारख्या संसर्गामुळे प्रतिकारशक्ती क्षीण झालेली असताना, चित्रात ठळक बदल दिसतीलच असे नाही. मानेच्या गाठी, मणके, मेंदू किंवा गर्भाशय यांचा क्षय तर छातीच्या चित्रात दिसण्याचा संभव कमीच. लक्षणे असतील तर चित्र काहीही सांगो, बेडका तपासलाच पाहिजे. येथे बेडका म्हणजे तोंडातील थुंकी नव्हे. सकाळी खोल श्वास घेऊन, खोकून छातीतून काढलेला कफ होय. नमुनाच योग्य नसेल तर उत्तम यंत्रही चुकीचे उत्तर देईल.

हीच मर्यादा अन्य विकारांतही लागू पडते. पाय मुरगळल्यावर फाटलेला अस्थिबंध साध्या चित्रात दिसत नाही. हाडाची बारीक चीर कधी कधी पहिल्या दिवशी दिसत नाही आणि आठ-दहा दिवसांनी घेतलेल्या चित्रात दिसते. आपल्याकडे काही लोकांचा असाही समज असतो की, ‘फोटो काढला’ म्हणजे उपचारच झाला. तो अर्थातच खरा नाही. निदानासाठी वापरलेल्या क्ष-किरणांत रोग बरा करण्याचा गुण नसतो. किरणांनी उपचार करण्याचे शास्त्र वेगळे, त्याची मात्रा आणि यंत्रेही वेगळी.

भय किती, सावधगिरी किती?

क्ष-किरण अपायकारक ठरू शकतात हे नाकारता येत नाही. प्रारंभीच्या काळात याची जाणीव नसल्यामुळे कित्येक डॉक्टर व तंत्रज्ञ यांनी प्रथम बोटे, मग हात आणि अखेरीस प्राण गमावले. टॉमस एडिसन यांचे साहाय्यक क्लॅरेन्स डॅली हे १९०४ साली असेच मरण पावले. अशा हुतात्म्यांच्या स्मरणार्थ जर्मनीतील हॅम्बुर्ग येथे १९३६ साली स्मारक उभारण्यात आले.

तथापि आजची मात्रा त्या काळाच्या तुलनेने अत्यल्प आहे. छातीच्या एका चित्रात शरीराला सुमारे ०.०२ ते ०.१ मिलिसिव्हर्ट एवढे प्रारण मिळते. जमीन, आकाश, अन्न आणि हवा यांतून प्रत्येक माणसाला निसर्गतःच वर्षाकाठी सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट प्रारण मिळत असते. म्हणजे छातीचे एक चित्र हे तीन ते पंधरा दिवसांच्या नैसर्गिक प्रारणाइतके झाले. छातीच्या सीटी स्कॅनमध्ये मात्र ही मात्रा सुमारे ७ मिलिसिव्हर्ट, म्हणजे जवळजवळ तीन वर्षांच्या नैसर्गिक प्रारणाइतकी असू शकते. आवश्यक तेथे चित्र टाळू नये आणि अनावश्यक तेथे मागू नये, हाच यातील विवेक. बटन बंद होताच किरण थांबतात. खोलीत, कपड्यांत किंवा रोग्याच्या अंगात ते शिल्लक राहत नाहीत. चित्र काढून आलेल्या मातेने बाळाला पाजण्यास काहीही हरकत नसते.

क्ष-किरण यंत्रांच्या सुरक्षिततेवर देखरेख ठेवणारे अणुऊर्जा नियामक मंडळ १५ नोव्हेंबर १९८३ रोजी स्थापन झाले असून त्याचे मुख्यालय मुंबईतच आहे. निदानासाठी असे यंत्र चालविण्यास मंडळाचा परवाना आवश्यक असतो. गावातील शिबिरात पुढील पथ्ये पाळली जातात की नाही, इकडे पंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी लक्ष द्यावे:

१. यंत्र प्रशिक्षित तंत्रज्ञानेच हाताळावे. त्याच्या छातीवर किरणमापक बिल्ला आणि अंगावर शिशाचा अंगरखा असावा.

२. रांगेतील लोक यंत्राच्या समोरच्या दिशेस उभे राहू नयेत. अंतर दुप्पट केले की किरणांची तीव्रता एक-चतुर्थांश होते. म्हणून अंतर हे सर्वांत स्वस्त संरक्षण होय. कुतूहलाने जमणाऱ्या मुलांना दूर ठेवावे.

३. गर्भवती किंवा गर्भ राहिल्याची शक्यता असलेल्या स्त्रीने ती गोष्ट आधी सांगावी. हा प्रश्न आशाताईंनी अथवा परिचारिकेने एकांतात विचारावा.

४. गळ्यातील माळ, ताईत, साखळी काढून ठेवावी. धातूची सावली रोगाच्या सावलीवर पडते आणि चित्र पुन्हा काढावे लागते.

५. चित्र व त्यासोबतचा लेखी अहवाल रोग्याने जपून ठेवावा आणि पुढील प्रत्येक तपासणीच्या वेळी बरोबर न्यावा.

पंचायतीची भूमिका

२४ मार्च २०२३ रोजी वाराणसी येथे क्षयमुक्त पंचायत उपक्रमाची घोषणा झाली. त्याच्या निकषांत दर हजार लोकसंख्येमागे वर्षात किमान ३० संशयितांची तपासणी आणि हजारी एक किंवा त्याहून कमी रुग्ण, अशा दोन अटी एकत्र ठेवल्या आहेत. या जोडणीत मोठा अर्थ आहे. रुग्ण शोधलेच नाहीत तर ते कागदावर आपोआप कमी दिसतील. म्हणून शोधाची अट आधी. ज्या गावाने तपासणी टाळून शून्य रुग्ण दाखविले ते गाव क्षयमुक्त नव्हे, ते केवळ अनभिज्ञ होय. शिबिरात चार रुग्ण सापडले तर त्यात पंचायतीला कमीपणा नाही. ते चार जण आणि त्यांच्या घरची माणसे वेळीच वाचली असा त्याचा अर्थ.

यासाठी शिबिराला कोण आले यापेक्षा कोण आले नाही, याची चौकशी अधिक अगत्याची ठरते. रुग्णाच्या घरातील माणसे, साठीपुढील वृद्ध, मधुमेही, कुपोषित, तंबाखू-दारूच्या आहारी गेलेले, पूर्वी क्षय होऊन गेलेले आणि हंगामी स्थलांतर करणारे मजूर यांना प्रथम बोलाविले पाहिजे. नेमके हेच लोक रोजगार बुडेल म्हणून अथवा निदानाच्या धास्तीने मागे राहतात. शिबिराची वेळ त्यांच्या कामाच्या वेळा पाहून ठरविणे, वृद्धांना आणण्याची व्यवस्था करणे, डाग दिसलेल्याचा बेडका त्याच दिवशी घेतला जाईल असे पाहणे या गोष्टी पैशापेक्षा लक्ष घालण्याने साधतात. निदान झाल्यावर औषधे शासनातर्फे मोफत मिळतात आणि निक्षय पोषण योजनेखाली १ नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा १,००० रुपये आहारासाठी दिले जातात. ही रक्कम रुग्णाच्या खात्यात वेळेवर जमा होते की नाही, याचा पाठपुरावा ग्रामपंचायतीला करता येईल.

सर्वांत नाजूक बाब गुप्ततेची आहे. डाग दिसलेल्यांची नावे फलकावर लावणे, ध्वनिक्षेपकावरून पुकारणे किंवा संगणकाच्या पडद्यावरील चित्र भोवती जमलेल्यांना दिसू देणे हे कटाक्षाने टाळले पाहिजे. ‘हिच्या छातीत डाग निघाला’ एवढ्या वाक्यावर मुलीचे जमलेले लग्न मोडू शकते, नव्या सुनेला माहेरी पाठविले जाऊ शकते. दोन दिवसांनी बेडका निर्दोष ठरतो. परंतु गावच्या तोंडी गेलेला शब्द परत घेता येत नाही. अशा गावात पुढच्या शिबिराला कोणी येत नाही आणि मग खरा रोगीही अंधारातच राहतो.

राँटगेन यांना दिसलेली चमक अंधाऱ्या खोलीतील होती. सव्वाशेहून अधिक वर्षांच्या वाटचालीनंतर ते किरण आज आपल्या गावच्या शाळेपर्यंत येऊन पोहोचले आहेत. यंत्र छातीतील छाया दाखवील आणि जंतूंची खात्री प्रयोगशाळा करील. मात्र ज्याची तपासणी होणे सर्वांत निकडीचे आहे त्याला निर्भयपणे यंत्रासमोर आणणे आणि निदानानंतर त्याला घरात व गावात पूर्वीच्याच आपुलकीने वागविणे, हे कोणत्याही यंत्राला जमणारे नाही. ते काम गावातील जाणत्या माणसांचे आहे.